बाहुलीच्या घराचा काळ कोणता? रुखवत, भातुकली आणि छोटे वाडे करणाऱ्या गटांसाठी



तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि आपल्या गटांकडे रुखवताची विचारणा येऊ लागते. पूर्वी रुखवतात लोकरीचं तोरण, सुपारीचे भटजी, मोत्यांचा गणपती आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर एवढं मांडलं तरी माणसं कौतुक करायची. आता मागणी बदलली आहे. कुणी म्हणतं, "आम्हाला पेशवाई वाडा हवा." कुणी म्हणतं, "आजीच्या काळातलं स्वयंपाकघर करून द्या." गौरीपुढच्या देखाव्यासाठी आणि शाळेच्या प्रदर्शनासाठीही अशी छोटी घरं मागतात.

मागणी चांगली आहे, पैसेही बरे मिळतात. पण यात एक मेख आहे. समजा, एखाद्या गटाने आठ दिवस खपून पेशवाई वाडा केला. खांब छान, तुळशी वृंदावन छान, आणि ओटीवर हौसेने एक छोटा कंदील टांगला. स्टॉलवर आलेलं जाणकार गिऱ्हाईक तो कंदील बघतं, हसतं आणि म्हणतं, "पेशवाईत रॉकेलचा कंदील कुठून आला हो?" वाडा खाली ठेवून ते पुढे जातं. हातात कसब होतं, मेहनत होती, फक्त कोणती वस्तू कोणत्या काळातली ही माहिती नव्हती. तेवढ्याने विक्री गेली. ही माहिती काही अवघड नाही. एकदा नीट समजून घेतली की जन्मभर पुरते. म्हणून हा लेख.

आधी एक नियम पाठ करा

छोटं घर करायला घेताना पहिला प्रश्न विचारायचा: हे घर कोणत्या सालातलं? "जुनं" हे उत्तर चालणार नाही. १७५० सालचं घरही जुनं आणि १९५० सालचंही जुनं. दोन्हींत दोनशे वर्षांचं अंतर आहे.

साल ठरलं की नियम सोपा आहे. नव्या घरात जुनी वस्तू चालते, जुन्या घरात नवी वस्तू चालत नाही. १९५० सालच्या घरात पणजीची समई असू शकते. पण १७५० सालच्या घरात स्टोव्ह असू शकत नाही, कारण तो जन्मालाच आला नव्हता. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं, "बाई, तू त्या साली होतीस का?" उत्तर "नाही" आलं तर ती बाजूला ठेवायची. कितीही सुबक झाली असली तरी.

हा छंद जगभर आहे

आपल्या मुली जशा भातुकली खेळतात, तशी युरोपात बाहुलीघरं असतात. जर्मनीत बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्टने १५५८ च्या सुमाराला एक मोठं बाहुलीघर करून घेतलं होतं. माहीत असलेल्या बाहुलीघरांत ते सर्वांत जुनं मानतात. पुढे ते आगीत गेलं. जर्मनीतल्याच न्यूरेंबर्ग शहरात खेळण्यातली स्वयंपाकघरं बनत. त्यात चूल, भांडी, फडताळं सगळं असे. म्हणजे आपली भातुकलीच म्हणा ना!

हॉलंडमध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या श्रीमंत बाईने सतराव्या शतकाच्या अखेरीला असंच एक घर करून घेतलं. खऱ्या घरात जे सामान वापरतात, त्याच सामानाच्या छोट्या वस्तू तिने कारागिरांकडून बनवून घेतल्या. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तीनशे वर्षांपूर्वी डच घरात काय काय असे, हे अभ्यासक त्या छोट्या घरावरून सांगतात. छोट्या वस्तूंचं मोल एवढं असतं.

सगळ्यांत नावाजलेलं बाहुलीघर इंग्लंडच्या क्वीन मेरीचं. ते १९२१ ते १९२४ या काळात झालं. त्याचा आराखडा एडविन लटयेन्सने केला. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने उभारलं, तोच हा माणूस. त्या छोट्या घरात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्टही चालते. सध्या ते विंडसरच्या राजवाड्यात आहे.

इंग्लंडचे लोक बाहुलीघराचा काळ राजाराणीच्या नावाने सांगतात. १७१४ ते १८३० जॉर्जियन, कारण तेव्हा ओळीने जॉर्ज नावाचे राजे होते. १८३७ ते १९०१ व्हिक्टोरियन. १९०१ ते १९१० एडवर्डियन. प्रत्येक काळाची खिडकी वेगळी, खुर्ची वेगळी, दिवा वेगळा. आपल्यालाही आपल्या घरांची अशीच वाटणी करता येते. चला, करून बघू.

पहिला काळ: शिवकाळ

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, राज्याभिषेक १६७४ चा आणि निधन १६८० चं. शिवकालीन घर मागितलं की हा काळ डोळ्यांपुढे ठेवायचा.

गावातलं साधं घर मातीचं, कुडाचं किंवा दगडमातीचं. छप्पर गवताचं, किंवा कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांचं. जमीन शेणाने सारवलेली. आत चूल, जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, सूप, टोपल्या, कणग्या, मातीचे रांजण आणि मडकी. जेवायला पत्रावळ किंवा धातूचं ताट. उजेडाला पणती, समई, बाहेर मशाल. बसायला घोंगडी.

भाजीच्या टोपलीकडे लक्ष द्या. मिरची पोर्तुगिजांनी आणली, ती तोवर आपल्या मुलखात पोचली होती. पण टोमॅटो, कोबी, फ्लॉवर घालू नका. या भाज्या आपल्या रोजच्या स्वयंपाकात इंग्रजांच्या काळात आल्या. त्यापेक्षा वांगी, भोपळा, कांदे, पालेभाजी घाला. चहाची कपबशी तर अजिबात नको. आपल्या घराघरांत चहा फार उशिरा आला, तोही इंग्रजांमुळे.

दुसरा काळ: पेशवाई

बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले आणि १८१८ साली पेशवाई संपली. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला. आज आपण ज्याला "वाडा" म्हणतो, त्याचा ठसा याच काळातला.

वाड्याची रचना समजली की अर्धं काम झालं. समोर मोठा दरवाजा आणि त्यातच माणसापुरता छोटा दिंडी दरवाजा. आत आल्यावर पहारेकऱ्याची देवडी. मग मोकळा चौक. चौकाच्या भोवती ओसरी, तिला लागून सोपा. त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठार आणि बाळंतिणीची खोली. वर माडी, तिथे दिवाणखाना. मागे परस, विहीर, गोठा आणि तुळशी वृंदावन.

पेशवाईची खूण म्हणजे लाकडी खांब. खाली घडवलेला दगडी तळखडा आणि वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जाणारा खांब. याला सुरूदार खांब म्हणतात. दोन खांबांच्या मध्ये महिरपी कमान आणि कोपऱ्यांत उलटं लोंबणारं केळफूल. हे तीन जमले की बघणारा लगेच ओळखतो. जोतं दगडाचं, वर पातळ विटांची भिंत. छपरावर नळीची कौलं.

बसायला खुर्च्या-टेबल मांडू नका. गादी, लोड, तक्क्या, जाजम अशी बैठक मांडा. कड्यांना पितळी साखळ्यांचा झोपाळा टांगा. उजेडाला समई, लामणदिवा, निरांजन. भांडी तांब्या-पितळेची आणि काशाची. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई असते, म्हणून आतला रंग रुपेरी, बाहेरचा तांबूस किंवा पिवळा. भांड्यांना अख्खा सोनेरी रंग फासला की ती खोटी दिसतात. सोनेरी रंगात थेंबभर तपकिरी मिसळा, म्हणजे वापरलेलं पितळ दिसेल.

तिसरा काळ: इंग्रजी अंमल

१८१८ ते १९४७. या सव्वाशे वर्षांत आपली घरं फार बदलली. घोटाळे होतात ते इथेच, कारण या काळातल्या वस्तू आपण आजी-पणजीकडे पाहिलेल्या असतात आणि त्या पेशवाईतल्याच वाटतात. म्हणून सालं सांगते. ही यादी कापून गटाच्या वहीत चिकटवा.

• शिवणयंत्र: सिंगरचं पेटंट १८५१ चं. आपल्याकडे त्यानंतर.
• आगगाडी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे.
• रॉकेलचा दिवा, कंदील, चिमणी: अमेरिकेत १८५९ साली खनिज तेलाची विहीर लागली, त्यानंतर रॉकेल जगभर पसरलं.
• मंगलोरी कौलं: बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला. त्याआधीच्या घरावर ही चपटी, खाचेची कौलं नकोत.
• ग्रामोफोन: १८८७ साली शोध.
• अ‍ॅल्युमिनियमची भांडी: हा धातू स्वस्तात काढायची पद्धत १८८६ साली सापडली. भांडी त्यानंतर.
• वातीचा नव्हे, पंपाचा स्टोव्ह: १८९२ साली स्वीडनमध्ये.
• भिंतीवरची लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं: राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.
• स्टेनलेस स्टील: १९१३ साली इंग्लंडमध्ये शोध. घराघरांत मात्र स्वातंत्र्यानंतर.
• रेडिओ: मुंबईचं प्रसारण १९२७ साली सुरू झालं.

या काळातलं घर करायचं असेल तर मंगलोरी कौलांचं छप्पर, पुढे व्हरांडा, एखादी वेताची खुर्ची, भिंतीवर लंबकाचं घड्याळ, चौकटीतले फोटो, छापील देवादिकांची चित्रं, चिनी मातीच्या कपबश्या आणि कंदील मांडा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील कऱ्हाडकडच्या मैत्रिणींना तरी वेगळा सांगायला नको. तो विसाव्या शतकातला. चूल आणि जातं मात्र होतंच. नवी वस्तू आली म्हणून जुनी लगेच गेली नाही.

चौथा काळ: स्वातंत्र्यानंतरचं आजीचं घर

"आजीच्या काळातलं स्वयंपाकघर" अशी ऑर्डर आली की आपण सरळ वाड्यातलं स्वयंपाकघर करायला घेतो. जरा हिशोब करा. नवरी पंचवीस वर्षांची असेल तर तिची आजी साधारण १९४५ ते १९५० च्या आसपास जन्मलेली. तिचा नवा संसार १९७० च्या आगेमागे मांडला गेला. म्हणजे आजीचं स्वयंपाकघर पेशवाईचं नव्हे, १९७० चं!

त्या स्वयंपाकघरात एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला रॉकेलचा स्टोव्ह. मांडणीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने लावलेले, त्यावर नावं कोरलेली. पितळी हंडा-कळशी अजून आहेच. कोनाड्यात ट्रान्झिस्टर. भिंतीवर कॅलेंडर. फळीवर वर्तमानपत्राची कातरलेली झालर. शहरातलं घर असेल तर प्रेशर कुकरही चालेल, हॉकिन्स कंपनी १९५९ सालची आहे. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, खेड्यांत टीव्ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. म्हणून खेड्यातल्या १९७० च्या घरात टीव्ही ठेवू नका.

अशी ऑर्डर घेताना नवरीच्या घरी विचारून घ्या: आजीचं गाव कोणतं, लग्न कोणत्या साली झालं, घर कसं होतं. चुलीजवळ आजी काय ठेवायची? एवढं विचारून केलेलं घर नुसतं रुखवतात मांडलं जात नाही. आजीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते घर पुढे शोकेसमध्ये जपून ठेवतात.

मापाचं गणित

काळ जमला आणि माप चुकलं तरी घर खोटं दिसतं. झोपाळ्यापेक्षा समई उंच, दरवाज्यापेक्षा हंडा मोठा, असं व्हायला नको. बाहुलीघरांत जगभर एक माप चालतं: खऱ्या एका फुटाला एक इंच. म्हणजे बारावा हिस्सा. क्वीन मेरीचं घरही याच मापाचं आहे. आपल्याला हे फार सोयीचं, कारण फूट-इंच आपल्या हातात बसलेले आहेत.

• सव्वापाच फुटांची बाई: सव्वापाच इंच.
• साडेपाच फुटांचा जुना दरवाजा: साडेपाच इंच.
• पाच फूट लांब, दोन फूट रुंद झोपाळा: पाच इंच बाय दोन इंच.
• दीड फूट बाय एक फूट पाट: दीड इंच बाय एक इंच.
• दीड फूट रुंदीचं जातं: दीड इंच.
• एक फूट रुंद ताट: एक इंच, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडंसं मोठं.
• नऊवारी लुगडं, नऊ वार म्हणजे २७ फूट: २७ इंच लांब आणि साधारण चार इंच रुंद.
• त्या लुगड्याचा तीन इंची काठ: पाव इंच.

शेवटचा आकडा लक्षात ठेवा. बाहुलीला खऱ्या पैठणीचा तुकडा नेसवला की काठ तिच्या गुडघ्यापर्यंत येतो आणि सगळं बेढब दिसतं. त्यापेक्षा मऊ, पातळ सुती कापड घ्या आणि बारीक लेस किंवा एकाच रेशमी दोऱ्याची शिवण काठ म्हणून घाला.

बाजारातली पितळी भातुकली बहुतेक या मापापेक्षा मोठी असते. ती वाड्यात मांडली तर घर लहान आणि भांडी राक्षसाची, असं होतं. भातुकली वेगळी विका, वाडा वेगळा.

पुरा वाडा या मापाने केला तर एकेक खोली दहा-बारा इंचांची, आणि चौक धरून वाडा तीन-साडेतीन फूट रुंद होतो. एसटीतून न्यायचा कसा? म्हणून एक तर फक्त एक खोली करा, माजघर किंवा स्वयंपाकघर, तीन भिंती आणि समोरून उघडं. नाहीतर माप निम्मं करा, एका फुटाला अर्धा इंच. पण एका घरात एकच माप. दोन मापं मिसळली की सगळं बिघडलं.

हाताशी असलेलं सामान

महाग सामान लागत नाही. भिंतीला जाड पुठ्ठा किंवा एमडीएफ. त्यावर चाळलेली माती आणि फेविकॉल कालवून पातळ थर द्या, सुकल्यावर सारवलेली भिंत दिसते. थर जाड दिला तर तडे जातात, म्हणून दोनदा पातळ द्या. पांढरी भिंत हवी तर चुन्यासारखा फिका रंग, खाली गेरूचा पट्टा. लाकडाला चकचकीत वॉर्निश नको. चहाचं दाट पाणी दोन-तीनदा लावलं की काड्यांना जुन्या लाकडाचा रंग येतो. नळीची कौलं करायला मातीची पातळ पोळी लाटून पट्ट्या कापा आणि पेन्सिलीवर वाकवून सुकवा. सुरूदार खांबासाठी गावातल्या सुताराकडून कातून घेतलेल्या काड्या आणा, एकदम शंभर घेतल्या तर स्वस्त पडतात.

बघायला मिळालं तर खरं बघून या. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे आणि खेळणी आहेत. दिनकर केळकरांनी जन्मभर ते गोळा केलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. पुण्यातच विश्रामबागवाडा आहे, तिथे लाकडी खांब आणि कोरीव काम जवळून दिसतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. सावंतवाडीला गेलात तर चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळं बघा. प्रभागसंघाची सहल निघते तेव्हा यातलं एखादं ठिकाण धरा. वही, पेन आणि मोजपट्टी बरोबर ठेवा.

वाडा सगळ्यांचा नव्हता

आता थोडं मनातलं. आपण वाडा करतो कारण तो देखणा दिसतो आणि खपतो. पण आपल्यातल्या किती जणींच्या पणज्या वाड्यात राहत होत्या? बऱ्याच जणींच्या पणज्या त्या वाड्यात दळायला, धुणं धुवायला, पाणी भरायला जात होत्या. काहींना तर दिंडी दरवाज्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. आणि ज्या आत राहत होत्या, त्यांचंही आयुष्य माजघर ते विहीर एवढंच होतं. बाळंतिणीची खोली वाड्यातली सर्वांत अंधारी.

म्हणून वाडा कराच, पण आपली घरंही करा. कोकणातलं चिऱ्याचं कौलारू घर, मराठवाड्यातलं मातीचं माळवद, कुडाचं घर आणि त्याच्या भिंतीवरची वारली चित्रं, ऊसतोडणीची पालाची खोपी. हीसुद्धा इतिहासातली घरं आहेत आणि ती बाजारात कुणीच करत नाही. शाळांना, संग्रहालयांना, गावच्या वाचनालयांना ही घरं हवी असतात. ती करायची माहितीही पुस्तकात शोधावी लागत नाही. गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांना विचारलं की त्या सांगतात, कणगी कुठे असायची, चूल कोणत्या कोपऱ्यात होती, पाण्याचा रांजण कुणी शिवायचा आणि कुणी नाही.

हे विचारणं लांबणीवर टाकू नका. भंगारवाला दर आठवड्याला येतो. काथवट, रोवळी, माप, दगडी दिवे, जुनी कुलपं किलोवर जातात. वस्तू गेली तर निदान तिचं माप आणि चित्र आपल्या वहीत राहावं. आजी गेल्यावर तिला विचारता येणार नाही.

एक घर करून बघू: १८४८

सगळं एकत्र कसं लावायचं, याचं एक उदाहरण घेऊ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यासाठी शाळेने सांगितलं, "भिडेवाड्यातली मुलींची शाळा करून द्या." जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात ही शाळा काढली. तो जुना वाडा आता उभा नाही, स्मारकासाठी २०२३ साली पाडला. म्हणजे छोट्या प्रतिकृतीला आणखी मोल.

साल १८४८. आता यादी काढा. पेशवाई संपून तीस वर्षं झाली, पण वाडे तेच, म्हणून लाकडी खांब आणि जाजम चालेल. मंगलोरी कौलं? १८६५ ची, नकोत. कंदील? १८५९ नंतरचा, नको, कोनाड्यात पणती ठेवा. भिंतीवर सरस्वतीचं छापील चित्र? १८९४ नंतरचं, नको. बाकांच्या रांगा मांडू नका, मुली जमिनीवर बसवा. त्या काळी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत, तेव्हा फळीवर चाळलेली धूळ चिकटवून छोट्या धूळपाट्या करा. मुलींच्या अंगावर परकर-चोळी, गणवेश नको. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांची बाहुली पोक्त, पांढऱ्या केसांची करू नका. किती बायका हे बघून थबकतील, "एवढीशी होती?" म्हणतील. काळ नीट जमवला की छोटं घर असं बोलतं.

किंमत आणि चिठ्ठी

अशा कामाची किंमत "तीनशे द्या, चारशे द्या" अशी सांगायची नसते. हिशोब मांडा. आकडे फक्त उदाहरणाला घेते. सामान ४५० रुपये. तिघींचे मिळून ३० तास, तासाला ६० रुपये धरले तर १,८०० रुपये. खोकं, वाहतूक, हत्यारांची झीज १५० रुपये. झाले २,४००. त्यावर गटाचा १५ टक्के नफा ३६० रुपये. किंमत २,७६० रुपये. म्हाताऱ्या बायांशी बोलण्यात, मापं घेण्यात गेलेला वेळही तासांत धरा. ते काम फुकटचं नाही.

घराबरोबर एक छोटी चिठ्ठी द्या: घर कोणत्या काळातलं, कोणत्या भागातलं, आत कोणकोणत्या वस्तू आहेत, कोणत्या गटाने केलं. गिऱ्हाईक ती चिठ्ठी पाहुण्यांना वाचून दाखवतं आणि पुढची ऑर्डर तिथूनच येते. चिठ्ठीत खोटं लिहू नका. आपण केलेला वाडा "पेशवाई धाटणीचा" आहे, पेशव्यांच्या काळातला नाही. रंग लावून जुनाट केलेली वस्तू "अँटिक" म्हणून कधीच विकू नका. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणतात, आणि तिच्या व्यापाराला नियम आहेत. आपल्या कामाचं मोल ते नवं आणि खरं असण्यात आहे.

पुढच्या बैठकीत

बचत आणि कर्जाचा विषय झाला की अर्धा तास या कामाला द्या. प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी. ती कुणाची, साधारण कधीची, कशासाठी वापरत, हे एकीने वहीत लिहावं, दुसरीने मोजपट्टीने माप घ्यावं आणि बाराने भागून छोटं माप शेजारी लिहावं. दहा बैठका झाल्या की दहा जणींच्या मिळून शंभर वस्तू होतील. ज्या गटाकडे अशी वही असेल, त्याला कंदिलाचा प्रश्न कुणी विचारणार नाही. आणि विचारलाच, तर उत्तर सालासकट तयार असेल.